यादीतून उतरवलेली टेकडी : मोजली कोणी, कशी?

पायवाटकरीण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इथे ब्रिटनमध्ये राहणारे आणि डोंगर चढणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

आम्ही नवरा-बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी 'हम्प' करतो. म्हणजे अशी टेकडी की जिला सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटरचा ड्रॉप आहे. उंची कितीही असो. ड्रॉप १५० मीटर असला तर ती 'मॅरिलिन', ३० असला तर 'टम्प'. स्कॉटलंडच्या उंच डोंगरांची यादी मन्रोसाहेबांच्या नावाची, म्हणून १९९२ मध्ये अ‍ॅलन डॉसन यांनी नवी यादी केली तेव्हा तिला मॅरिलिन नाव दिलं. यावरून ही मंडळी कशी आहेत ते ओळखा.

तर दक्षिण इंग्लंडातली एक टेकडी आम्ही भर पावसात, गुरांनी तुडवलेल्या चिखलातून करून आलो होतो. परवा मुलाने ऑनलाइन यादी उघडली तर ती हम्पमधून गायब. आधी ड्रॉप १०१ होता, आता ९९.१. शेऱ्यात एकच शब्द, लायडार. टेकडीचं नाव लिहीत नाही. माथा एका बाईंच्या शेतात आहे, त्यांनी आम्हाला भल्या मनाने जाऊ दिलं, आणि इथे नाव टाकलं की माणसं कुंपण ओलांडणार.

माझे प्रश्न साधे आहेत. टेकडी दोन मीटर खचली का? ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याच्या, नकाशावर माथ्याचा आकडा आजही २३१ च आहे, मग ड्रॉप कसा बदलला? विमानातून मोजतात म्हणे, तर खाली गवत, झुडपं, गाई असतातच की. आणि मुलगा म्हणतो वहीतली खूण खोडायची. मी म्हणते, चिखल खरा होता ना?

---

क्लाइडकाठ

ताई, तुमची निदान टेकडी आहे. माझे अख्खे डोंगर गेले.

मन्रो म्हणजे ३००० फूट, ९१४.४ मीटर. स्गूर नान क्यानिखेन नावाचा डोंगर मी ऐन थंडीत केला होता. २००९ मध्ये मापात ९१३.४३ भरला आणि मन्रोतून निघाला. २०१२ मध्ये बेन अ खलाइवची तीच गत, ९१३.९६. अर्ध्या मीटरनेही कमी नाही! तेव्हापासून मन्रो २८२. उलट फॉइनेवन मन्रोत येणार म्हणून कितीतरी जण डोळे लावून बसले होते, तो २००७ मध्ये ९११ वर अडकला.

वहीतली खूण अजिबात खोडू नका. मी तर खोडली नाहीच, वर शेजारी 'माजी' असं लिहिलंय, माजी आमदार लिहितात तसं.

पण कसं मोजतात हे मला विचारू नका, मी दंतवैद्य आहे. ते सांगायला आपले बुडीतरेषा काका आहेत. काका, उठा.

---

बुडीतरेषा

उठलो.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, नगर-नाशिकच्या बाजूला हयात लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली काठी) घेऊन हिंडण्यात गेली. आता अर्धं वर्ष लेकीकडे रेडिंगला असतो. नातवंडं शाळेत गेली की मला उद्योग नसतो, तेव्हा इथल्या टेकड्यांचे आकडे तपासत बसतो. लेक म्हणते, बाबा, इथे तुम्हाला कोणी टी.ए. बिल देणार नाही.

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. माथ्याचा आकडा तसाच राहिला, ड्रॉप बदलला. म्हणजे बदललाय तो खिंडीचा आकडा. सगळे वर बघतात, माथा किती, माथा किती. टेकडीचा दर्जा ठरतो तो खाली, खिंडीत.

हे मला इथल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. धरणाची जागा बघायला गेलं की गावकरी विचारायचे, पाणी त्या डोंगराच्या कुठवर येणार? आमचा साहेब डोंगराकडे बघायचाच नाही. तो विचारायचा, खोऱ्याच्या कडेला सगळ्यात खाली बसलेली खिंड कुठली आणि तिचा आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची पातळी, किती? पूर्ण संचय पातळी त्या खिंडीच्या वर गेली तर पाणी शेजारच्या खोऱ्यात पळणार, मग ती खिंड अडवायला तिथे सॅडल डॅम, म्हणजे छोटा बांध, घालणं आलं. तेव्हा आम्ही खलाशाला (मोजणीच्या गड्याला) स्टाफ देऊन पहिला त्या खिंडीत धाडायचो, माथा नंतर.

ड्रॉप म्हणजे नेमकं तेच. तुमच्या टेकडीभोवती पाणी चढवत न्या. एका क्षणी ती शेजारच्या अधिक उंच जमिनीपासून तुटून बेट होईल. ज्या पातळीला तुटते ती खिंडीची पातळी. माथा वजा खिंड, झाला ड्रॉप.

आता जुना १०१ आला कुठून? सखल भागात इथल्या २५ हजारी (१:२५,०००) नकाशावर समोच्च रेषा ५ मीटरच्या अंतराने असतात, डोंगराळ भागात १० च्या. खिंड नेमकी दोन रेषांच्या मध्ये पडते, आणि दक्षिणेतल्या खडूच्या टेकड्यांच्या खिंडी म्हणजे परातीसारख्या सपाट. १३० ची रेषा खिंडीच्या दोन्ही अंगांना आणि १३५ ची दोन्ही टोकांना, मध्ये अर्धा किलोमीटर काहीच नाही. यादी करणाऱ्याने अंदाजाने १३० धरले असतील. २३१ मधून १३० गेले, १०१. फसवणूक कोणी केली नाही, त्याच्या हातात तेवढंच होतं. नकाशावरचे बरेचसे सुटे आकडे हवाई छायाचित्रांवरून काढलेले, त्यांत दोन-तीन मीटर इकडेतिकडे होणारच.

आणि ट्रिग पिलरवर, म्हणजे मोजणीच्या खांबांवर, भाबडा विश्वास ठेवू नका. ते सिमेंटचे खांब १९३६ पासून उभारले, सहा हजारांहून जास्त. ते उभारले ते एका खांबावरून दुसरा दिसावा म्हणून. पिलर आहे म्हणजे तीच जागा सगळ्यात उंच, असं मुळीच नाही. खूप ठिकाणी खरा माथा कुंपणापलीकडच्या शेतात निघतो.

आता लायडार. विमानातून लेझरचे ठोके खाली सोडतात आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. एकाच ठोक्याचे अनेक परतावे येतात : पहिला झाडाच्या शेंड्यावरून, मधले फांद्यांवरून, शेवटचा बहुधा जमिनीवरून. इंग्लंडचं हे उड्डाण हिवाळ्यात केलं, पानं गळलेली असताना, म्हणजे जास्त ठोके मातीपर्यंत पोचतात. मग गाळून दोन पृष्ठभाग करतात, एक झाडं-घरांसकट आणि एक नुसत्या जमिनीचा. टेकडीवाले दुसरा वापरतात. तुमच्या गाई पहिल्यात राहतात.

गंमत अशी की हे काम टेकड्यांसाठी केलेलंच नाही. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याला, पूर कुठवर चढेल ते बघायचं होतं. २०१५ मध्ये त्यांनी आपला साठा सगळ्यांना फुकट खुला केला, आणि पुढे जवळपास सगळा इंग्लंड एक मीटरच्या चौकटीत (दर मीटरभर चौकोनाला एक उंची) उडवून काढला. पाणीवाल्यांची मोजणी टेकडीवाल्यांच्या कामी आली, याचा मला कोण आनंद झाला! वेल्सचंही तसंच खुलं आहे. स्कॉटलंडचं तुकड्यातुकड्याने.

याचा परिणाम सगळ्यात जास्त बारक्या टेकड्यांवर झाला. मन्रोच्या डोंगरावर माणसं यंत्र घेऊन जातात, बातमी होते. मॅरिलिन दीड हजारांच्या वर, हम्प तीन हजारांच्या आसपास, टम्प तर सतरा हजारांवर. इतक्यांच्या खिंडीत पायी कोण जाणार? आता घरात बसून एकेक चौकट तपासतात. म्हणून हल्ली दर काही महिन्यांनी यादीत चार आत, पाच बाहेर.

तुमच्या आकड्याबद्दल. लायडारची उभी चूक साधारण १५ सेंटिमीटर धरतात. माथा आणि खिंड दोन्हींची चूक एकत्र केली (सरळ बेरीज नव्हे, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) तर वीस-बावीस. ९९.१ हा १०० पासून ९० सेंटिमीटर दूर आहे. माझ्या मते प्रकरण बंद. ९९.९ असता तर मी म्हणालो असतो, थांबा, यंत्र घेऊन वर जा.

मुलाला सांगा, स्वतः करून बघ. क्यूजीआयएस नावाची नकाशांची फुकट संगणक प्रणाली आहे. एजन्सीच्या संकेतस्थळावरून पाच किलोमीटरचा चौकोन उतरवायचा, एक मीटरचा, जमिनीचा. १० सेंटिमीटरच्या समोच्च रेषा काढायच्या, पण खिंडीपुरत्याच, नाहीतर लॅपटॉप आचके देतो. मग पाणी चढवायचं.

---

क्लाइडकाठ

काका, पण वर यंत्र घेऊन जाणाऱ्यांचं काय? वेल्समधला तो मिनिद ग्रेग गोख. नकाशावर ६०९ होता, २००८ मध्ये हौशी माणसांनी मोजला आणि ६०९.७५ निघाला. २००० फूट म्हणजे ६०९.६, सीमा १५ सेंटिमीटरने पार. ऑर्डनन्स सर्व्हेनेही मान्य केलं. तिथे लायडार कुठे होतं?

---

बुडीतरेषा

नव्हतंच. आणि असतं तरी अशा माथ्यावर मी त्यावर विसंबलो नसतो. खडकाळ माथा असला की एक मीटरच्या चौकटीत टोकाचा धोंडा सपाट होतो, किंवा गाळणी त्याला झुडूप समजून कापते. म्हणून खडकाळ माथ्यावर लायडार थोडं कमीच दाखवतं. गवताळ खिंडीत मात्र ते उत्तम.

वर नेतात ते उपग्रहाचं चांगलं रिसीव्हर, फोनातलं नव्हे. सगळ्यात उंच धोंडा आधी लेव्हलने ठरवायचा, त्यावर यंत्र उभं करून तास-दोन तास नोंदी घ्यायच्या, आणि ऑर्डनन्स सर्व्हेच्या देशभर पसरलेल्या कायम केंद्रांच्या नोंदींशी जुळवायच्या. पाच सेंटिमीटरच्या आत उत्तर येतं. यात हौशी लोकांचं काम खात्याच्या तोडीचं आहे, हे खात्याचा माणूस म्हणून सांगतो.

पण इथे एक मेख आहे. उपग्रह समुद्रसपाटी ओळखत नाही. तो गणिती लंबगोलापासूनची उंची देतो, ती समुद्रसपाटीवर आणायला एक प्रतिमान लागतं. ब्रिटनची समुद्रसपाटी म्हणजे कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ मोजलेली सरासरी पातळी. (आपल्याकडे १९०९ च्या समायोजनात नऊ बंदरं धरली होती, यांनी एकाच बंदरावर देश टांगला.) २०१६ मध्ये ते प्रतिमान सुधारलं. त्याआधी काफ टॉप नावाचा डोंगर ६०९.५८ भरला होता, म्हणजे २००० फुटांना दोन सेंटिमीटर कमी. नव्या प्रतिमानाने त्याच जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि तो ६०९.६०६ झाला. सहा मिलिमीटरने पास! वर कोणी फिरकलंही नव्हतं.

वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं, आणि माझ्यासारख्याची चिडचिड झाली. सहा मिलिमीटर म्हणजे गवताच्या मुळांचा थर. माझ्या लेव्हल बुकात कोणी असा आकडा, चूक किती धरायची ते न सांगता, लिहिला असता तर साहेबाने पान फाडलं असतं. सीमेच्या एवढ्या जवळ असेल तर 'सांगता येत नाही' असा तिसरा रकाना ठेवावा. यादीवाल्यांना तो आवडत नाही, कारण खूण कुठे करायची?

---

पायवाटकरीण

काका, मुलाने शनिवार-रविवार घालवून केलं. लॅपटॉपने आचके दिलेच.

माथा २३०.९ आला. खिंड १३१.८. म्हणजे ९९.१ च. पण त्याला एक आशा दिसली आहे. खिंडीतून एक जुना रस्ता जातो, या खोऱ्यातून त्या खोऱ्यात. रस्ता खणून खाली नेलेला आहे, दोन्ही बाजूंना दरडी. चिरंजीवांचं म्हणणं, हे माणसाने केलेलं, हे धरायचं नाही. रस्त्याच्या कडेची मूळ जमीन धरली तर टेकडी परत हम्प होईल. मी म्हटलं काकांना विचारते.

---

बुडीतरेषा

शाब्बास. मुद्दा योग्य काढला, दिशा मात्र उलटी आहे. त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा.

रस्ता खिंड ओलांडतो, या खोऱ्यातून त्या खोऱ्यात. पाणी चढत येईल तेव्हा ते सगळ्यात आधी त्या खणलेल्या वाटेने पलीकडे जाईल. म्हणजे खोदकामाने खिंड खाली आणली आहे. खिंड खाली, तर ड्रॉप जास्त. ९९.१ हा रस्त्याने केलेली मदत धरून आहे. कडेची मूळ जमीन किती भरते?

रस्ता जर खिंडीच्या लांबीने, टेकडीकडून टेकडीकडे भरावावरून गेला असता तर गोष्ट निराळी. तेव्हा भरावाने खिंड उंच झाली असती आणि भराव वगळल्यावर ड्रॉप वाढला असता.

माणसाने केलेलं धरायचं की नाही, यावर हे लोक आपसात मनसोक्त भांडतात. खडूच्या टेकड्यांवर माथ्यालाच पाण्याच्या झाकलेल्या टाक्या आहेत, वर हिरवळ उगवलेली, बघणाऱ्याला टेकडीच वाटते. कांस्ययुगातली थडगी आहेत, मातीचे दोन-तीन मीटरचे उंचवटे. चार हजार वर्षं झालेला उंचवटा माझ्या मते टेकडीचाच. परवाची टाकी नाही. मध्ये रेघ कुठे मारायची, ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं. इथून जवळच सरे परगण्यात लीथ हिल आहे. तिथे १७६५ च्या सुमारास रिचर्ड हल नावाच्या गृहस्थांनी माथ्यावर बुरूज बांधला. टेकडी हजार फुटांना कमी, बुरुजाचं टोक हजाराच्या वर! त्याला कोणी टेकडी धरत नाही, पण लोक तिकीट काढून हजार फूट गाठून येतात. मीही गेलो होतो. खाली चहा बरा मिळतो.

---

पायवाटकरीण

कडेची जमीन १३३.०. म्हणजे ९७.९. चिरंजीव दहा मिनिटं गप्प होते, आता शेजारच्या परगण्यातल्या ९९.८ वाल्याच्या मागे लागलेत. खूण ठेवली आहे, शेजारी 'माजी' लिहून. क्लाइडकाठ, आभार.

---

खडापारशी

पुण्याहून. वाचताना मजा आली. काका, हे आपल्या सह्याद्रीत का होत नाही? आपण किल्ले मोजतो, घाटवाटा मोजतो, पण ड्रॉपने यादी केलेली मी तरी बघितली नाही. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, एवढ्यावर आपली गाडी थांबते. मी फुकटच्या उपग्रह माहितीवरून जुन्नर-अकोले तालुक्यांतल्या डोंगरांचे ड्रॉप काढायला घेतलेत. चालेल का?

---

बुडीतरेषा

चालेल, पण काय चालेल ते समजून घ्या. तुम्ही बहुतेक २००० सालच्या त्या अंतराळ शटलवरच्या रडारची ३० मीटरची चौकट वापरत असणार. तिची उभी चूक १६ मीटरपर्यंत धरलेली आहे. दीडशेच्या कसोटीला २५० भरला तर निर्धास्त लिहा. १६० भरला तर शंका ठेवा. १०० ची यादी तर करूच नका.

आणि सह्याद्रीत चूक गवताळ टेकडीसारखी नसते. ३० मीटरच्या एका चौकटीत अर्धा कडा आणि अर्धी दरी येते, आकडा दोघांच्या मधला कुठला तरी. जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी, ज्याच्या नावाने तुम्ही इथे लिहिता, तो सुळका त्या माहितीत शोधून दाखवा. अख्खा हरवतो. कातळमाथे त्यामुळे कमी दिसतात, आणि दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेची खिंड दोन्ही बाजूंचे कडे मिसळून उंच दिसते. दोन्ही चुका ड्रॉप कमी करणाऱ्या. म्हणजे तुमच्या यादीत खरे डोंगर गळतील, खोटे फारसे शिरणार नाहीत.

२०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशे आणि मोजणीच्या माहितीवरची बंधनं बरीच सैल केली. तरी इंग्लंडसारखं राज्यभर एक मीटरचं लायडार घरबसल्या उतरवता येईल, अशी सोय आपल्याकडे नाही. तोवर सर्व्हे ऑफ इंडियाची ५० हजारी शीट घ्या, समोच्च रेषा २० मीटरच्या असतात, आणि खिंडी तिच्यावरून पडताळा. माथे राहू द्यात, माथ्यांवर झेंडे लावायला खूप लोक आहेत. शंकास्पद खिंडी असतील त्यांचे अक्षांश-रेखांश इथे टाका, मी बघतो. सोमवारनंतर टाका, लेकीचा लॅपटॉप तेव्हा रिकामा असतो.

---

खडापारशी

टाकतो. पहिली सांधण दरीच्या वरची आहे, तिने डोकं खाल्लंय.